दगडांच्या राशीवरचा टहाळा

लोनावळ्याला रेल्वेतला एक सायब व्हता, त्याला डोंगर चालायचा लय नाद. त्याला वाट पायजे व्हती. लोनावळ्यापास्नं डोंगराच्या धारंनं, लोहगड-विसापूर धरून पार आमच्या बेडशापतोर. पुन्याची मान्सं येनार, चालनार, वरच मुक्काम करनार. आमी डोंगर चढायचो लाकडासाटी. ही नुसती चालाया म्हून चालनार. मोठ्या लढाईच्या आदीची गोष्ट ही.

आमचं मालक त्या कामावर मुकादम झालं. संगं धाकलीला नेलं. धाकली म्हंजी माझी सवत. मला मूल न्हाई म्हून आनली व्हती. ती वरच्या वाडीची, तिला धारंवरचं समदं पानी ठाव, असं ते म्हनलं. म्या ऐकून घेतलं.

मी खाली. पाटं उठून समद्या गड्यांच्या भाकऱ्या थापायच्या, पाटी डोक्यावर घिऊन गावातल्या बायांसंगं निम्मा चढ चढायचा. तितनं गडी पाटी वर न्यायचं. भाकऱ्या वर जायच्या, मी माघारी. दोगं एका फडक्याशी बसून खात असतील, ह्येच डोक्यात. एकादी करपली की वाटायचं, ही तिला जावी. पन पाटीतली कुनाला जाती ते मला काय ठाव.

वाट चुकू नये म्हून मालकांनी वळनावळनावर दगडाची रास लावलीती, वर चुना मारलाता. पांढरं दिसलं की तिकडं वळायचं. आता आमच्यात डोंगरात रचल्याला दगड दिसला की तो देव. झाडाचा टहाळा वाह्यल्याबिगर पुढं जायाचं न्हाई. मी बी वाह्यला. म्हनलं, ह्यास्नी खाली धाड. मागच्या बायांनी वाह्यला. वर गुराख्यांनी, लाकूडवाल्यांनी वाह्यला. बघता बघता समद्या राशी हिरव्या. चुना कुटं दिसंना.

सायब पाव्हनं घिऊन वाट बगाया आला, आन् दिवसभर कारवीच्या झाडीत फिरत बसला. कापडं फाटून खाली उतरला. लय तापला. म्हनला, ज्यांनी पाला टाकला त्यांनीच काडायचा, आन् पुन्यांदा चुना मारायचा. काम लांबलं. खाली धाड म्हनलंतं, मालक आनिक वरच ऱ्हायलं.

तवा आमी बाया वर निघालो, राशी साफ करत.

"सवतीचं अंगन झाडाया चाललीस जनू," एक शेजारीन म्हनली. समद्या हासल्या. मी बी हासले.

धारंवर शेवटच्या राशीपाशी धाकली उबी. हातात चुन्याचं मडकं. राशीवर ताजा टहाळा.

"आक्का, एवढा ऱ्हाऊ द्या," ती म्हनली. "माझा हाय."

"काय मागितलंस?"

तिनं मडकं खाली ठिवलं. मग म्हनली, "त्यांनी हितंच ऱ्हावं म्हून."

खालच्या राशीवरचा माझा टहाळा म्या माझ्याच हातानं काडलाता. तिचा का म्हून ठिवायचा? उचलला आन् कड्याखाली टाकला. तिनं राशीवर चुना मारला.

काम सरल्यावर मालक खाली आलं. मागनं ती बी आली. चूल एकच, आन् थापायचं माझ्याकडंच. करपल्याली भाकर कुनाच्या ताटात जाती, ते आता मला दिसत व्हतं.