पिवळ्या खुणेपर्यंत

लिफ्टवाला उंचीला भीत नव्हता, विजेला भीत नव्हता. भीत होता तो कबुतरांना. त्याची बायको पालीला घाबरायची, मेहुणा मांजराला, पण त्यांची चेष्टा करून करून घरच्यांना कंटाळा आला होता; आता त्याचीच पाळी आली असती. सहा फुटी गड्याने कबुतराला भ्यायचं, हे सांगणार कोणाला? वीस वर्षं तो गच्चीवरच्या मशिनखोलीत कामावरच्या जोडीदारालाच पाठवत आला. "गुडघे दुखतात रे," म्हणायचा. गुडघे ठणठणीत होते.

आज जोडीदार रजेवर, आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकलेली. आत दमा असलेल्या आजी, एकट्या. दम्याचा पंप घरी राहिला होता.

मशिनखोलीचं दार उघडलं आणि त्याच्या पाचावर धारण बसली. मोटारीला खेटून, हातचाकापासून वीतभर अंतरावर, कबुतर अंड्यांवर बसलं होतं. चाक फिरवत लिफ्ट मजल्याला आणायची. दोरावरची पिवळी खूण दिसली की थांबायचं. म्हणजे डोळे मिटायचीही सोय नव्हती.

त्याने मेन स्विच बंद केला. लिफ्टशी जोडलेल्या, भिंतीवरच्या बॅटरीच्या स्पीकरमधून धाप ऐकू आली. "कोणी आहे का वर?"

"आहे, आजी. घाबरू नका."

"तुमचाच आवाज कापतोय की."

त्याला खोटं सुचेना. "इथे कबुतर आहे."

आता त्या हसणार, म्हणून तो कान देऊन उभा राहिला.

"मला कोंबडीची भीती वाटते," आजी म्हणाल्या. "अजूनही. तुम्ही बोलत राहा, मी ऐकते."

मग तो तोंडाला येईल ते बोलत सुटला. डाव्या हाताने ब्रेकचा दांडा दाबला, उजव्याने चाक धरलं. एक फेरा. कबुतराने मान वळवली. दुसरा फेरा. स्पीकरमधली धाप वाढली होती, मधेच तुटत होती. तिसऱ्या फेऱ्याला कबुतर उडालं, पंख त्याच्या कानाला घासून गेले. तो ओरडला, लाज सोडून ओरडला, पण चाक सोडलं नाही. पिवळी खूण आली.

धडपडत तो खाली पोचला तेव्हा आजी बाहेर खुर्चीवर होत्या. शेजारणीने आणून दिलेला पंप ओढत होत्या. त्याला पाहून त्यांनी खुणेनेच वाकायला सांगितलं, त्याच्या खांद्यावरून काहीतरी हलकेच उचललं आणि मूठ मिटली.

"काय होतं?"

"धूळ," आजी म्हणाल्या. मूठ थरथरत होती, बोटांतून करड्या पिसाचं टोक डोकावत होतं. ती त्यांनी शालीखाली नेली, आणि त्याने पुन्हा विचारलं नाही.