दुपारची आंघोळ

मस्कतमध्ये बसून जर्मनीतल्या एका लहानशा गावाची काळजी वाहणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो इथल्या दार्सैत भागात माझ्याच खोलीत राहत होता. गुहागरकडचा, पेशाने ड्रायव्हर. त्याचे जर्मन साहेब गाडीत बसून आपल्या गावाकडचं दैनिक त्याला वाचून दाखवत. तशी ती भाषा त्याला वाचण्यापुरती आली. साहेब निवृत्त होऊन मायदेशी गेले, तरी त्यांनी अंक चालू ठेवले होते. पोस्टाने ते कंपनीच्या पेटीत येत. साहेब फोनवर बोलणारे नव्हते. दोघांमधला धागा म्हणाल तर तेवढाच. पेटीची किल्ली माझ्याकडे, म्हणून अंक घरी आणायचं काम माझं.

अंक शिळा असे, पण याची काळजी ताजी. तिकडे नदीला पाणी चढल्याचं वाचलं की याचा जीव थाऱ्यावर राहत नसे. "अरे, ते एव्हाना ओसरलंसुद्धा असेल," मी म्हणायचो. "ते पुढच्या अंकात कळेल, अण्णा." मोबाइलवर बघ म्हटलं तर म्हणे, "ताजी बातमी मला झेपत नाही." तिथली नगरपालिका पोहण्याचा तलाव बंद करणार म्हणून हा एकदा जेवला नव्हता. समुद्रकाठी जन्मूनही याला स्वतःला पोहता येत नव्हतं.

अंक हातात आला की आधी निधनाच्या जाहिरातींचं पान. काळ्या चौकटींवरून बोट फिरवत जायचा आणि साहेबांचं नाव नाही असं दिसलं की चहा मागायचा. पण ओळखीचं कुणी गेलेलं असलं, ओळख अर्थात पेपरातलीच, बँडमधला म्हातारा किंवा बेकरीवाली, तर तडक आंघोळीला. "कळलं की करायची, आमच्यात तशी रीत आहे." उन्हाळ्यात इथे गच्चीवरच्या टाकीचं पाणी चहा टाकावा इतकं तापतं. गार पाणी फक्त बंद ठेवलेल्या गीझरमध्ये. ते आम्हाला राखून हा नळाचंच अंगावर घ्यायचा आणि उकडलेल्या कोळंबीसारखा बाहेर यायचा. शेजारी विचारायचे, "आज जर्मनीत कोण खलास?"

गेल्या उन्हाळ्यात पेटीपाशी उभ्या उभ्या मी अंक चाळला, तर काळ्या चौकटीत साहेबांचा फोटो. भाषा येत नसली तरी चेहरा ओळखीचा होता. अंक ऑफिसच्या कपाटात सारला आणि घरी येऊन म्हणालो, "पोस्ट लेट आहे." मग पुढचे अंकही त्याच कपाटात, आणि घरी रोज तेच उत्तर. तो दाराशी उभा असायचा. "येईल, इन्शाल्ला," असं म्हणून उलट मलाच धीर द्यायचा.

आता तो गावी परतला आहे. अण्णांनी त्याला शेवटपर्यंत कळू दिलं नाही, असं इमारतीत सगळे कौतुकाने सांगतात, आणि मी ते ऐकून घेतो. ते खरं नाही.

एका दुपारी मी रिकाम्या हाताने आत शिरलो. काही बोलायच्या आत तो म्हणाला, "अण्णा, पूर्वी अंक चुकला की तुम्ही पोस्टाला शिव्या द्यायचात." मग टॉवेल घेऊन आत गेला. नळ बराच वेळ चालू होता. लालबुंद होऊन बाहेर आला आणि केस पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "गीझरमधलं गार पाणी ठेवलंय. तुम्हीही करून घ्या. तुमची तर राहिलीच आहे."

मी आत गेलो. गीझरच्या पाण्याला हात लावला नाही.