पुसलेलं गणित

"वैमानिक!" प्रवेशाच्या टेबलावरचे सर माझा फॉर्म उंच धरून ओरडले. "अरे ऐका रे, ही बाई विमान चालवणार! घरात सायकल तरी आहे का गं?"

रांगेतली पोरं खदाखदा हसली. सायकल होती. बाबांची. तिच्यावर बसवूनच त्यांनी मला गोंदूरच्या धावपट्टीवर उतरलेलं मंत्र्याचं विमान दाखवलं होतं.  

धुळ्याचं कॉलेज. अकरावी सायन्स. बाबा तिथेच झाडूवाले. जातीचा दाखला जोडलेले फॉर्म कारकून वेगळ्या गठ्ठ्यात ठेवायचा. आम्हाला सांगायचा, "विषय पेन्सिलीनं लिहा, सर ठरवतील." बाकीच्यांचे पेनानं. मी मुकाट्यानं पेन्सिलीनं लिहिलं. ती माझी चूक. दहावीला गणितात दीडशेपैकी एकशे एकतीस होते, गुणपत्रिका फॉर्मलाच टाचलेली होती. सरांनी पान उलटलंसुद्धा नाही. खोडरबर घेतलं, गणित पुसलं, त्या जागी शाईनं भूगोल लिहिलं.

"तुमच्या लोकांना गणित झेपत नाही. नर्स हो. माणसानं पायरी ओळखून राहावं."

बाबा दारात झाडू घेऊन उभे होते. तेही हसले. "सायेब बराबर सांगतस. पोर येडी शे."

मला राग यायला हवा होता. काहीच आलं नाही. पावती घेतली आणि घरी गेले.

दोन वर्षं भूगोल केला. बारावी चांगल्या मार्कांनी पास झाले. मग पेपरात पायलटच्या ट्रेनिंगची जाहिरात आली. अर्ज पोस्टानं पाठवला. तो परत आला. सोबत नियमांचा कागद, आणि त्यातल्या एका ओळीखाली लाल रेघ: बारावीला भौतिकशास्त्र व गणित आवश्यक. फिजिक्स होतं माझ्याकडे. गणित नव्हतं.

आई म्हणाली, जेवून घे. जेवले. चव कशालाच नव्हती. रडू येईना, झोपही येईना. दोन दिवस भिंतीकडे बघत बसले तेव्हा कुठं डोक्यात शिरलं. मी गणितात नापास झालेच नव्हते. मला पेपरलाच बसू दिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी कॉलेजात गेले. बोर्डाची परीक्षा एकट्या गणितापुरती बाहेरून देता यायची. फॉर्मवर सही त्याच सरांची लागत होती.

"आता कशाला? बापाला सांग, स्थळं बघ म्हणावं."

"सही करा, सर."

"उद्या ये."

"आज करा."

बाबा धावत आले. हात जोडून सरांपुढे हसायला लागले. "चाल वं माय, घर चाल."

"बाबा, हसू नका!"

एवढ्या जोरात ओरडले की कारकुनानं मान वर केली. बाबांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांचे जोडलेले हात मी धरले आणि खाली केले. मग सरांसमोरची खुर्ची ओढून बसले. आमच्यातलं कुणी त्या खुर्चीवर बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

"ऊठ," सर म्हणाले.

उठले नाही. पायलट होईन की नाही, मला ठाऊक नव्हतं. नापास झाले तर पेपर लिहून, माझ्या हातानं होईन. या माणसाच्या हातानं आता एकदाही नाही.