कोरी पट्टी

इथे परदेशात, न्यू लिनला, आमच्या शेजारी एक ब्रिटिश चित्रकार राहत. तरुणपणी लंडनमध्ये त्यांचं मोठं नाव होतं. मग बायकोच्या माहेरी म्हणून इकडे आले आणि नाव तिकडेच राहिलं. इथे शाळेत चित्रकला शिकवली, बायको गेली, मूलबाळ नव्हतं. तरी ते आपले राखाडी पट्टे काढत राहिले. मी ड्रेनेजचा इंजिनिअर. रविवारी त्यांच्या गराजमध्ये जाऊन कॅनव्हास ताणून खिळे मारून द्यायचो. त्या पट्ट्यांत काय आहे ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण माणूस फार आवडायचा.

शेवटच्या चित्रात उजवीकडची एक उभी पट्टी कोरी राहिली. त्यांचा हात थरथरत होता.

"तू लाव," ते म्हणाले. "जस्ट व्हाइट. कुठे ते मी सांगतो."

"मी गटारं काढतो, चित्रं नाही," म्हणून मी हसण्यावारी नेलं.

थोड्याच दिवसांत ते गेले. इंग्लंडहून पुतण्या आला. पुरी झालेली चित्रं त्याने नेली आणि हे अर्धवट माझ्या गळ्यात घातलं.

दहाव्या दिवशी बायकोने डेकच्या कठड्यावर दहीभात ठेवला. त्यांचं करणारं दुसरं आहे कोण, म्हणाली. इथे कावळे नाहीत. साळुंक्या मात्र बख्खळ, ब्रेडचा चुरा दिसला तरी तुटून पडतात. त्या दिवशी कुंपणावर ओळीने बसून राहिल्या. एक हलेना.

"अहो, त्यांचं काहीतरी राहिलंय. बोला ना."

घाटावर नातेवाईक बोलतात तसं हात जोडून बोललो, फक्त इंग्रजीत. पुतण्या चित्रं सांभाळेल, म्हटलं. साळुंक्या तशाच. लंडनला पुन्हा प्रदर्शन लागेल, म्हटलं. तशाच.

"ओके," मी म्हणालो. "आय विल डू द व्हाइट."

एक साळुंकी उतरली आणि भात उचलून गेली.

त्याला आता बरेच महिने झाले. चित्र आमच्या गराजमध्ये आहे, शेजारी पांढऱ्या रंगाची न उघडलेली ट्यूब. ते रंगात घालायचे त्या टर्पेंटाइनचा आमच्याकडे थेंब नाही, तरी तिथे त्याचा वास येतो. पाठीमागे कुणीतरी त्यांच्यासारखं हळूच खोकतं. मला भीती वाटते, खोटं कशाला सांगू? पण पट्टी मारली की ते खरंच जातील, याची जास्त वाटते.

"शब्द दिलाय तुम्ही. कधी मारताय?" बायको विचारते.

"रविवारी," मी म्हणतो.

रविवारी गराजमध्ये जातो, चित्रासमोर खुर्ची ओढून बसतो आणि खोकल्याची वाट बघतो.