नववीचे मार्क

ऊसतोडीचा ट्रक मानोऱ्याजवळच्या तांड्यात येऊन उभा राहिला, तेव्हा चंदा नववीत होती आणि तिची सहामाही परीक्षा तोंडावर आली होती.

"याडी, पेपर देऊन येतो ना मी मागून," ती आईला म्हणाली.

बेबीबाईच्या कडेवर तान्हं होतं. फडात ते सांभाळणार कोण? "नववीचे मार्क कोन इचारते? दहावीत कर काय करायचं ते," म्हणत तिनं पोरीचं गाठोडं ट्रकात टाकलं.

चंदा परतली तोवर करोना आला होता. वार्षिक परीक्षा झालीच नाही. नववीचा निकाल सहामाहीवर लागला आणि शाळेनं तिला कसंबसं दहावीत ढकललं.

पुढच्या हंगामाला बेबीबाईनं शब्द पाळला. चंदाला आजीजवळ ठेवलं आणि तान्ह्याला फडाच्या कडेला झोळीत निजवून स्वतः ऊस तोडला. इकडे चंदा राखी नावाच्या मैत्रिणीच्या मोबाइलवर अभ्यास करत होती. तिला नर्स व्हायचं होतं. गणित तर ती राखीलाच समजावून सांगू लागली. अन् ऐन वेळी दहावीची परीक्षाच रद्द झाली. निकाल शाळा लावणार, त्यात निम्मे गुण नववीचे!

पास सगळेच झाले. राखीला भरघोस मार्क मिळाले, चंदा काठावर राहिली. सायन्सला प्रवेश काही मिळाला नाही.

बेबीबाई शाळेत गेली. भागवत सर म्हणाले, "पोरगी हुशार हाय, मले मालूम हाय. पण नववीत ती परीक्षेलेच नोती. नियम असा बदलंन, हे आमाले तरी कुठं ठाऊक होतं?"

"मंग मले नापास करा, सर. तिले कायले?"

सर म्हणाले, "बोर्डाच्या परीक्षेले पुन्हा बसून मार्क वाढवता येतात. बसवा तिले."

घरी चंदा भिंतीकडे तोंड करून पडली होती. आईचं सगळं ऐकून घेतल्यावर तिनं एवढंच विचारलं, "अन् तू पुन्हा ट्रकात टाकशीन तं?"

बेबीबाई पीठ मळत राहिली. मळून झालं तरी मळत राहिली.

त्या वर्षी ती ऊसतोडीला गेली नाही. नवऱ्याच्या, बाबूसिंगच्या, जोडीला त्याचा भाऊ गेला. "पोरीच्या मार्कापायी जोडी मोडली," बाबूसिंग जाताना कुरकुरला. बेबीबाई गावातच कापूस वेचायला, तूर कापायला जाऊ लागली. पोरीला घागरही उचलू देईना.

चंदानं मार्चमध्ये पेपर दिले. मार्क चांगले पडले आणि सायन्सही मिळालं. कॉलेजच्या पहिल्या दिवशी बेबीबाई तिला पोचवायला फाट्यावर गेली. तिथं राखी भेटली. ती आता बारावीत होती.

"तू तं माह्या मांगं राह्यली वं!" राखी हसत म्हणाली. चंदाही हसली.

बेबीबाईनं मान खाली घातली.

"याडी, भेटलं ना आता सायन्स? काहून अशी करून राह्यली?"

"काई नाई. चढ गाडीत, जागा धर," बेबीबाई म्हणाली. गाडी वळणाआड गेली, तरी ती तिथंच उभी होती.