अर्धं पुस्तक घेऊन आष्टीला

माझ्या वयाच्या बायका तीर्थयात्रेला जातात. मी एका रहस्यकथामालेच्या वाचकांच्या मेळाव्याला निघाले होते. "या वयात?" एवढं विचारून नवऱ्याने पुन्हा टीव्हीत डोकं घातलं. सिंदी मेघेहून आष्टी, मध्ये आर्वीला बस बदलायची. ग्रुपवरची विद्वान मंडळी सकाळपासून गुड मॉर्निंगच्या फुलांसोबत आपापले आवडते खून पाठवत होती.

माझ्या पर्समध्ये मालेतल्या शेवटच्या पुस्तकाचा उत्तरार्ध होता. फक्त उत्तरार्ध. त्याचं श्रेय बाबांना. ते शिक्षक, त्यामुळे न्यायाची हौस दांडगी. नवं पुस्तक आलं की मी आणि ताई झोंबायचो, मग बाबा सुरीने ते मधोमध कापून दोघींना एकेक तुकडा द्यायचे. ताई मोठी, म्हणून पहिला तुकडा तिचा. मेलं कोण हे कळायच्या आधीच मला खुनी माहीत असायचा. नंतर अदलाबदल व्हायची आणि शेवटी बाबा दाभणाने पुस्तक शिवून ठेवायचे. शेवटच्या पुस्तकाची अदलाबदल राहिली आणि ताईचं लग्न झालं. आपला तुकडा ट्रंकेत घालून ती आष्टीला गेली.

तेव्हापासून आमचं "आधी तू दे" चालू आहे. बारशात, लग्नात, बाबांच्या तेरवीतसुद्धा. नवी प्रत दुकानात सहज मिळते, पण ती घेणं म्हणजे हरणं. दोघींपैकी कोणीच घेतली नाही. आम्ही समजूतदार घरातल्या मुली ना!

यंदा मेळावा ताईच्याच शेतात होता, आणि तिचा तुकडा घेतल्याशिवाय परतायचं नाही असं मी ठरवलं होतं. ती हल्ली ग्रुपवर काही लिहीत नव्हती, नुसते बोलून निरोप पाठवायची. मला वाटलं, आळस.

शेतात पोचले तर डिटेक्टिव्हची टोपी करडी की तपकिरी, यावर पंचायत बसली होती. तिकडे गोवऱ्यांच्या आरात रोडगे करपत होते, त्याचा तपास कोणी करत नव्हतं. ताई आंब्याखाली बाजेवर बसली होती. मी अगदी समोर उभी राहिले.

"कोन आहे वं?" तिने विचारलं.

मला वाटलं, नाटक. "मीच. ओळख विसरली का?"

तिने उशाखालून कापडात गुंडाळलेला तुकडा काढून माझ्या हातात ठेवला. "घे. तू जिंकली."

"इतक्या सहज?"

"डोये गेले वं माहे. अक्षर दिसत नाई. डॉक्टर म्हनते, आता नजर येनार नाई."

इतकी वर्षं हाच तुकडा हवा होता. हातात आला आणि मला रडू फुटलं. रडतारडता रागही आला.

"मले काऊन नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुले दया आली असती. तू लगेच फोनवरच खुन्याचं नाव सांगून मोकळी झाली असती." तिने बाजेवर सरकून मला जागा केली. "तुहा तुकडा आनलाच असशीन. काढ. आन् वाच मोठ्यानं. कापलं तिथी थांबू नोको."

मी पर्समधला तुकडा काढून तिच्या तुकड्याखाली ठेवला. खुन्याचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि आयुष्यात प्रथमच पहिल्या पानापासून वाचायला लागले.