अण्णांचा क्लच आणि उस्मानभाईची वीट

गॅरेजात किस्से कसे साठतात सांगू? गाडी गेली तरी तिचे दोन-चार नटबोल्ट कोपऱ्यातल्या डब्यात राहतात ना, तसे. लोकांना वाटतं, आमच्याकडे नुसती मजा. आता अण्णांच्या अँबॅसिडरचंच घ्या. आज हसत सांगतो, पण ते काम चालू होतं तोवर हसायला सुचत नव्हतं राव.

अण्णा मोशीचे, जुन्या गावातले. शुगरमुळे त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली काढला. कुबडी टेकत काकूंबरोबर आमच्या चाकणच्या गॅरेजात आले आणि म्हणाले, "ह्यो क्लच काढून टाका. गाडी मीच चालवनार हाय."

क्लच डाव्या पायाचा, खरं; पण असा नुसता काढता येतो होय? माझा पार्टनर उस्मानभाई गिअरबॉक्सचा माणूस. तो म्हणाला, "ठोकलेल्या एसयूव्हीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवू, म्हणजे क्लचच नको. ओव्हरड्राइव्हवाला." अण्णा खूश. काकू मला म्हणाल्या, "गाडीत ह्ये एकदा जरी घाबरले, तर गाडी भंगारात. आधीच सांगून ठिवते."

*

नवा बॉक्स जाडजूड, जुन्या गाडीच्या पोटात मावेना. मधला पत्रा कापावा लागला. नेमके त्याच दिवशी दोघं बघायला आले. सीटजवळच्या भोकातून खालची जमीन दिसत होती. मी घाईघाईने म्हणालो, "काकू, थोडंसंच कापलंय."

काकू भोकाकडे बघत राहिल्या. "दवाखान्यात बी असंच म्हनले व्हते."

मी ग्राइंडर खाली ठेवला. त्या दिवशी पुन्हा हातात धरवला नाही.

*

उस्मानभाईची एक सवय. गाडी कुठलीही असो, चाकाला वीट लावल्याशिवाय हात लावायचा नाही. वडिलांपासूनची एकच वीट, कोपरे झिजून गोल झालेली. मी चिडवायचो, "भाई, या बॉक्सला पार्क आहे. लिव्हर तिथे टाकला की चाकं लॉक. वीट म्युझियमला देऊन टाक." तो "असू दे की" म्हणायचा आणि लावायचाच.

लिव्हरची केबल जोडली आणि त्याने इंजिन चालू केलं. मी मागे वाकून टेललाइटची वायर बघत होतो. केबल नीट बसली नव्हती. लिव्हर पार्क दाखवत होता आणि आत बॉक्स होता रिव्हर्समध्ये. गाडी हलली, बंपर माझ्या गुडघ्याला टेकला आणि तिथेच थांबला. मागच्या चाकाखाली वीट होती.

मी फतकल मारून खाली बसलो. उस्मानभाईने इंजिन बंद केलं, वीट झटकली आणि विचारलं, "म्युझियमवाल्यांचा फोन आला होता का?"

*

ट्रायलला नाशिक हायवेला गेलो. उस्मानभाई चालवत होता, शेजारी अण्णा, मागच्या सीटवर मी. स्पीड वाढला, बॉक्सने टॉपचा गिअर घेतला आणि इंजिन एकदम गप्प. ओव्हरड्राइव्हचं कामच ते, गाडी पळते आणि इंजिन निवांत. पण या गाडीचा आरडाओरडा ऐकायची सवय. स्वतः बसवलेला बॉक्स, तरी उस्मानभाई पांढरा पडला. "इंजिन गेलं!" मागे ट्रेलर चिकटलेला. मी डोळेच मिटले.

अण्णा म्हणाले, "न्हाई गेलं. गप पळायला शिकलीया ती."

*

मग अण्णांची पाळी. अण्णा स्टीअरिंगवर, पँटचा डावा पाय दुमडून पिन लावलेला. शेजारी उस्मानभाई, मागे काकू आणि मी. काकूंनी पुढची सीट घट्ट धरली होती. चौकाच्या अलीकडे एक टेम्पो आडवा घुसला आणि तिथेच अडकला. अण्णांनी उजव्या पायाने ब्रेक दाबला. गाडी हातभर अंतरावर थांबली.

पण अण्णा हलेनात. घामाने डबडबलेले, डावी मांडी ताठ आणि थरथरती. मागून हॉर्न सुरू झाले.

"अण्णा, जरा मागे घ्या," मी म्हणालो.

"कसा घिऊ? क्लच दाबलाय. सोडला तर गाडी टेम्पोत जाईल."

गाडीत क्लच नव्हता आणि अण्णांना तो पायही नव्हता. काकूंकडे बघायची हिंमत होईना.

उस्मानभाई उतरला. डिकीतून वीट काढली, भर रस्त्यात वाकून पुढच्या चाकाला लावली आणि खिडकीशी आला. "वीट लावलीय, अण्णा. सोडा आता पाय. हळू."

अण्णांनी मांडी हळूहळू खाली घेतली.

टेम्पो निघून गेला. उस्मानभाई वीट उचलून परत आला, तेव्हा मागच्या सीटवरून काकू म्हणाल्या, "भाई, ती वीट आता गाडीतच ऱ्हाऊ द्या."